पीयूसीचे १२५ वाचले नाहीत, वर २,७०० गेले

नाशिकमध्ये गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. रस्त्यावर ‘मिटवून टाकू’ म्हणणारे कसे असतात हे आपल्याला माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी मी २,२०० रुपये दिले.

१२ फेब्रुवारीला मामांचा दहावा होता. नाशिकरोड स्टेशनवरून मामी आणि पुण्याहून आलेल्या दोन मावश्यांना घेऊन रामकुंडाकडे निघालो. साडेआठला गुरुजींनी बोलावलं होतं, पावणेनऊ वाजून गेले होते. द्वारकेच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली. वर्दीतला एकजण आणि त्याच्या शेजारी साध्या कपड्यांतला एक माणूस.

लायसन्स आणि आरसी मी डिजीलॉकरमध्ये दाखवलं. विमा एमपरिवहन या सरकारी ॲपवर दिसत होता. “मोबाईल नको, ओरिजिनल दाखवा.” ओरिजिनल घरी. आणि पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं प्रमाणपत्र, चार दिवसांपूर्वी संपलेली. ही चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. पण घरात माणूस गेलेलं असताना पीयूसीची तारीख कोणाच्या लक्षात राहते?

मग हिशोब सुरू झाला. लायसन्स जवळ नाही, ५,०००. विमा नाही, २,०००. पीयूसी नाही, १०,०००. “सतरा हजार होतात, कोर्टात जावं लागेल. पण साहेबांच्या हातात आहे.” हे शेवटचं वाक्य वर्दीवाला बोलला नाही, साध्या कपड्यातला बोलला.

आता शांतपणे बघितलं की हे सगळं उघडं पडतं. ५,००० चा दंड लायसन्सच नसताना गाडी चालवणाऱ्याला आहे, लायसन्स घरी राहिलेल्याला नाही. २,००० विमाच काढलेला नसेल तर. पीयूसीचे १०,००० ही कायद्यातली कमाल रक्कम. कागद दाखवता आला नाही, तर पहिल्या वेळी ५०० रुपये. डिजीलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद मूळ कागदासारखेच धरावेत हे केंद्राने २०१८ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ते केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आलंय. यातलं काहीही त्या दिवशी मला आठवलं नाही. मागे मामी डोळे पुसत होत्या आणि गुरुजींचा दुसऱ्यांदा फोन आला होता.

त्याच वेळी माझ्या पुढच्या स्कूटरवाल्या पोराला “उद्या पीयूसी काढून घे, जा” म्हणून सोडलं. मला त्याचा राग नाही. चार दिवस उलटलेल्या कागदासाठी समज देऊन सोडणं योग्यच आहे, पोलिसाला तेवढी मोकळीक असायलाच हवी. पण ती मोकळीक कुठेच लिहिली जात नाही. एकाला ती फुकट मिळते, दुसऱ्याला विकली जाते, आणि कोणाला काय मिळालं याचा कागद कुठेच नसतो.

३,००० मागितले, २,२०० वर आले. मी विचारलं, “पावती?” तो म्हणाला, “पावती पाहिजे तर पूर्ण भरा.”

इथे. इथेच मला थांबायला हवं होतं. सरकारी दंडात घासाघीस होत नाही आणि पावतीशिवाय दंड नसतो, हे पाचवीतल्या पोराला कळेल. मी सातपूरच्या कंपनीत तपासणी विभागात काम करतो, सहीशिवायचा एक गठ्ठा पुढे जाऊ देत नाही. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं. ते मी वाचलं. वाचूनही पिन टाकला. मागून मामी म्हणाल्या, “देऊन टाक रे बाळा, वेळ जातोय.” त्यांना दोष देत नाही. अंगठा माझा होता.

निघताना वर्दीवाल्याने गाडीचा फोटो काढला. “फक्त नोंद.”

७ मार्चला ई-चलानचा मेसेज आला. खोट्या चलानची एपीके फाईल पाठवून खाती रिकामी करणारे खूप आहेत, त्यामुळे लिंकला हात लावला नाही. राज्याच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून पाहिलं. चलान खरं होतं. तीच तारीख, तीच वेळ, माझ्याच गाडीचा फोटो. कागदपत्रे सादर केली नाहीत, ५०० रुपये. म्हणजे २,२०० कशाचे?

तेव्हा मी उठलो, आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला. वाहतूकवाले म्हणाले पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले हा वाहतुकीचा विषय. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहतूक शाखेत, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एकजण वर न बघता म्हणाला, “तुम्हीच दिलेत ना? देणाराही गुन्हेगार असतो.” सीसीटीव्ही मागितलं, तर अर्ज करा. अर्ज केला, पोच मिळाली नाही. बँक म्हणाली पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार वैध. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं की हा सायबर गुन्हा नाही. दोन अर्ध्या रजा गेल्या. पोर्टलवर चलानविरुद्ध तक्रार टाकली, फोटोसकट. एका ओळीचं उत्तर आलं, चलान योग्य आहे.

शेवटी एका वकील मित्राने सांगितलं ते सगळ्यात जास्त लागलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत कळवलं, तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. मी तेवीस दिवस गप्प बसलो होतो. दहाव्याला जाताना पैसे देऊन सुटलो हे घरात सांगायचीही लाज वाटत होती, म्हणून.

तर चलान मागून घ्या. “साहेब, मशीनवर करा” एवढंच म्हणा. ई-चलान तिथल्या तिथे भरायची सक्ती नाही. ‘अनपेड’ करून घ्या, नंतर भरा नाहीतर तक्रार करा. साध्या कपड्यातल्या माणसाशी बोलूच नका. क्यूआरवर कुणाचं नाव येतं ते मोठ्याने वाचा, गाडीतल्यांना ऐकू जाईल असं. आणि घाई आहे हे कधीही सांगू नका, मी तेच पहिल्या वाक्यात सांगितलं होतं.

पीयूसी दहाव्याच्याच दिवशी संध्याकाळी काढली, १२५ रुपये, दहा मिनिटं. ५०० चं चलानही भरलं, ते लोक अदालतीपर्यंत डोक्यावर नको होतं.

तेराव्याला मामींनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. आत बरोबर २,२०० होते. मी घेतले नाहीत. व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि दुकानाचं नाव जपून ठेवलंय. १२ फेब्रुवारीला सकाळी त्याच रस्त्यावर आणखी कोणी असं स्कॅन केलं असेल, तर मला कळवा, आपण अर्ज एकत्र देऊ.