छोट्या दिवाणखान्यासाठी सबवूफर : रेल टी/५एक्सची जोडणी, मांडणी आणि पारख

पाच-साडेपाच इंची वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) छोट्या बुकशेल्फ स्पीकरांवर शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला सबवूफरची, म्हणजे केवळ सर्वांत खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या पेटीची, गरज आहे का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘थोडीशी’ असे आहे. माझ्याकडील केईएफ क्यू१५० या स्पीकरांची अधिकृत खालची मर्यादा ५१ हर्ट्झ (सेकंदाला ५१ कंपने) आहे. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तो या स्पीकरांच्या आवाक्यातला आहे. डबल बास आणि बास गिटार यांची सर्वांत खालची तार मात्र ४१ हर्ट्झवर असते, आणि मोठ्या ढोलांचे किंवा पियानोच्या डाव्या टोकाचे बरेचसे वजन त्याच पट्ट्यात असते. त्यामुळे प्रश्न एवढ्याच एका सप्तकाचा होता आणि त्याच मापाने मी रेल कंपनीच्या टी/५एक्स या सबवूफरची निवड केली.

वेल्समधील रेल ही कंपनी रिचर्ड लॉर्ड यांनी १९९० मध्ये स्थापन केली. तिचा टी/५एक्स हा बंद पेटीचा सबवूफर आहे. त्यात जमिनीकडे तोंड करून बसवलेला ८ इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) आणि १२५ वॉटचा क्लास एबी (पारंपरिक रचनेचा) ॲम्प्लिफायर आहे, आणि ३२ हर्ट्झवर त्याचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. याच किमतीच्या पातळीवर एसव्हीएस कंपनीचा १२ इंची ड्रायव्हरचा आणि ३२५ वॉटचा एसबी-१००० प्रो मिळतो, जो याहून बराच खाली उतरतो आणि मोबाइलवरील ॲपने चालवता येतो. कागदावरच्या या तुलनेत टी/५एक्स हरतो, आणि ज्यांना मुख्यतः चित्रपट पाहायचे आहेत त्यांनी तिथेच थांबून दुसरा पर्याय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला तो पसंत पडला तो त्याच्या जोडणीच्या पद्धतीमुळे. सबवूफर जोडण्याची सर्वपरिचित वाट म्हणजे ॲम्प्लिफायरच्या मागील ‘सब आउट’ या सबवूफरसाठीच्या जागेतून काढलेली आरसीए केबल (नेहमीची ऑडिओ केबल); परंतु अनेक साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरांना, आणि त्यांत माझाही आला, तशी जागाच नसते. टी/५एक्ससोबत १० मीटर लांबीची एक केबल येते, जिच्या एका टोकाला स्पीकॉन पद्धतीचा (फिरवून घट्ट बसणारा) कनेक्टर असतो आणि दुसऱ्या टोकाला तीन मोकळ्या तारा असतात. लाल तार उजव्या स्पीकरच्या धन टर्मिनलला, पिवळी डाव्या स्पीकरच्या धन टर्मिनलला आणि काळी कोणत्याही एका ऋण टर्मिनलला जोडायची, आणि स्पीकरांच्या मूळ तारा आहेत तिथेच राहू द्यायच्या. सबवूफर या तारांमधून केवळ व्होल्टेजची नोंद घेतो, विद्युतप्रवाह जवळजवळ ओढत नाही. त्यामुळे ॲम्प्लिफायरवर जास्तीचा भार पडत नाही, आणि ॲम्प्लिफायरचा आवाज कमी-जास्त केला की सबवूफरही आपोआप त्याच प्रमाणात मागे-पुढे होतो.

येथे दोन सूचना आवश्यक आहेत. जोडणी करताना ॲम्प्लिफायर बंद करून त्याचा प्लग भिंतीतून काढलेला असावा, कारण मोकळ्या तारांचे दोन धागे जरी एकमेकांना टेकले तरी ॲम्प्लिफायरचे आउटपुट जळू शकते. स्पीकरच्या तारांना बनाना प्लग लावून टर्मिनलचे आडवे छिद्र या तारांसाठी मोकळे ठेवले, तर ही धास्ती बरीच कमी होते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे : वर सांगितलेली काळ्या तारेची जागा नेहमीच्या क्लास एबी ॲम्प्लिफायरसाठी आहे. ॲम्प्लिफायर क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) किंवा ब्रिज्ड (दोन ॲम्प्लिफायर जोडून एक केलेला) असेल, तर त्याचे ऋण टर्मिनलही ‘जिवंत’, म्हणजे त्यावरही व्होल्टेज असलेले, असू शकते, आणि अशा वेळी काळी तार स्पीकरच्या टर्मिनलला न लावता ॲम्प्लिफायरच्या पेटीच्या ग्राउंडला लावावी लागते. दुकानातून जोडणीसाठी येणाऱ्या मुलांना हा फरक माहीत असेलच असे गृहीत धरू नये. ॲम्प्लिफायरची माहितीपुस्तिका स्वतः उघडून पाहावी.

या जोडणीमुळे सबवूफरला ॲम्प्लिफायरचा ‘स्वभाव’ मिळतो, असे विक्रेते आवर्जून सांगतात. दोन्ही वाटांचा आवाज सारखा ठेवून ऐकल्यास हा फरक त्यांच्या वर्णनाइतका मोठा राहत नाही, असे मला वाटते. खरा मुद्दा वेगळा आहे. या पद्धतीत मुख्य स्पीकरांचे खालचे सूर कापले जात नाहीत. ते पूर्वीसारखेच वाजत राहतात आणि सबवूफर त्यांच्याखाली भर घालतो. स्पीकरांचा मूळ बाज बदलत नाही, हा लाभ. त्यांच्या छोट्या वूफरवरचा ताणही कमी होत नाही, ही उणीव. होम थिएटर रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचे काम स्पीकरांकडून काढून घेतो, तशी सवलत येथे नाही, त्यामुळे फार मोठ्या आवाजात ऐकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मांडणीसाठी कंपनी कोपऱ्याची शिफारस करते, आणि कोपऱ्यात आवाज भरपूर मिळतो हे खरे आहे. परंतु माझा दिवाणखाना १४ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे, आणि १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास ध्वनीची उभी लहर तयार होते, म्हणजे भिंतींमध्ये परावर्तित होऊन तो एकच सूर काही जागी फुगतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असल्यामुळे नेमक्या त्याच लहरीचा जोर कानांवर येत होता : डबल बासचा सर्वांत खालचा सूर फुगत होता आणि त्याच्या वरचे सूर मात्र सरळ राहत होते. एकच सूर असा घुमत असेल तर दोष सबवूफरच्या बटनांत शोधू नये. पेटी आणि बैठक यांची जागा बदलावी. पेटी कोपऱ्यातून दीड फूट काढून डाव्या स्पीकरशेजारी आणली आणि सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेतला, तेव्हा ही घुमक बरीचशी ओसरली. आपल्याकडील सिमेंटच्या भिंती आणि टाइल्सची जमीन खालचे सूर फारसे शोषत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. ३२ हर्ट्झची मर्यादा अशा खोलीत उलट सोयीची ठरते.

फेजसाठी, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरी एकमेकींशी जुळवण्यासाठी, ० आणि १८० अंश असे दोनच पर्याय आहेत. सलग बास असलेले संगीत लावून, एकाने बैठकीवर बसावे आणि दुसऱ्याने बटन बदलावे. ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल ती बाजू बरोबर.

क्रॉसओव्हर (सबवूफरने कोणत्या सुरापर्यंत वाजवायचे ती वरची मर्यादा) आणि लेव्हल (सबवूफरचा आवाज) यांना मात्र सावकाशीने हात घालावा लागतो, कारण एक हलवले की दुसऱ्याचे प्रमाण बिघडते. स्पीकर ५१ हर्ट्झपर्यंत उतरत असल्याने क्रॉसओव्हर त्याच्या आसपास ठेवून, लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवणे हा क्रम मला सर्वांत विश्वासार्ह वाटला. पारखण्यासाठी मी स्फोटांचे नमुने न वापरता तंबोरा लावतो. सबवूफर चालू-बंद केल्यावर खर्जाच्या तारेचे वजन लक्षात येण्याइतके बदलत असेल, तर क्रॉसओव्हर वर गेलेला आहे किंवा लेव्हल जास्त आहे, कारण ती तार स्पीकर एकटे नीट वाजवतात. त्यानंतर पखवाज लावावा. डाव्या तोंडावरील ओल्या कणकेमुळे येणारा तो भरदार, बसका नाद थापेला चिकटून यायला हवा. थाप आधी आणि नाद मागाहून असे वाटले, तर फेज किंवा पेटीची जागा पुन्हा तपासावी. नीट जुळल्यावर डग्ग्याच्या घिश्शात, सूर खाली उतरताना पूर्वी जिथे तो विरून जात असे तिथेही तो धरून राहतो.

या सगळ्यातील मोठी गैरसोय म्हणजे नियंत्रणे मागच्या बाजूला आहेत आणि रिमोट किंवा ॲप यांपैकी काहीच नाही. ही गैरसोय एरवी चालून गेली असती, पण कमी आवाजात आपल्या कानांना खालचे सूर प्रमाणापेक्षा अधिक कमी ऐकू येतात, त्यामुळे संध्याकाळी बरोबर वाटणारी लेव्हल रात्री हळू आवाजात अपुरी भासते. ती वाढवण्याचा मोह होतो, आणि दुसऱ्या दिवशी आवाज चढवल्यावर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतापर्यंत हादरे पोहोचतात. मी लेव्हल नेहमीच्या आवाजाला जुळवून ठेवली आहे, आणि रात्री ॲम्प्लिफायरचेच बासचे बटन किंचित वाढवतो, जे निदान समोर आहे.