चेकिंग पुशरॉड: काम चोख, आटे सैल

मागच्या इंजिन बांधणीत व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या, एका बाजूने खाल्ले गेले, तेव्हा मी सगळं खापर तेलावर फोडलं होतं. चूक माझीच होती. हेड घासलं, ब्लॉकचा माथा घासला, जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम घातला आणि पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का रॉकरपर्यंत नेणारे दांडे, मात्र जुन्याच लांबीचे ठेवले. म्हणून या खेपेला योग्य लांबी शोधायला, लांबी कमी-जास्त करता येणारा चेकिंग पुशरॉड आणि सोबत मापापुरत्या व्हॉल्व्हवर बसवायच्या दोन हलक्या स्प्रिंगा, असा संच घेतला.

स्प्रिंगांबद्दल तक्रार नाही. बोटाने दाबता येतात, आणि तशाच हव्यात. खऱ्या स्प्रिंगांचा जोर हा पोकळ पुशरॉड सोसणार नाही. कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले टॅपेट माझे सॉलिड आहेत, त्यामुळे हायड्रॉलिकचा प्लंजर दबून माप खोटं येण्याची भानगड नव्हती.

पुशरॉडवर इंचाला २० आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला ०.०५० इंच. हिशोब तोंडी होतो, हे मला फार आवडलं. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करचा काळा रंग लावला, क्रँक हाताने दोन फेरे फिरवला आणि रॉकर, म्हणजे टोकाच्या रोलरने व्हॉल्व्ह दाबणारी तरफ, काढून पाहिलं. रोलरने रंग पुसून केलेला पट्टा सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंद. नीट बघत फिरवल्यावर कळलं की रोलर जरासा बाहेर, म्हणजे रॉकरच्या मधल्या पिनापासून लांब, जातो आणि मग आतल्या बाजूला बराच सरकतो. पुशरॉड लांब पडत होता. जुळलेल्या मांडणीत अर्ध्या लिफ्टला रोलर सगळ्यात बाहेर असतो आणि पूर्ण लिफ्टला पुन्हा जिथून निघाला तिथेच येतो. माझ्या कॅमचा उंचवटा (लोब) ०.३५० इंच उचलतो, रॉकर ते १.५ पट करतो, म्हणजे व्हॉल्व्हची लिफ्ट ०.५२५ इंच, त्याच्या अर्ध्यावर रॉकरचा मधला पिन आणि रोलरचा पिन जोडणारी रेघ व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात हवी. तीन फेरे आत घेतल्यावर पट्टा पाऊण मिलिमीटरच्या आत आला.

सोबतच्या कागदावर मात्र ‘खूण बरोबर मध्यभागी आणा’ एवढंच छापलंय; खूण म्हणजे हाच पट्टा. हे वाचून कुणीही फसेल. खूण मध्यावर आणायच्या नादात लांबी बिघडवली की पट्टा रुंद होतो, आणि गाइडला बाजूचा रेटा बसतो तो त्या घासण्यातूनच. आधी अरुंद पट्टा. तो मध्यापासून थोडा सरकलेला असला तर चालतं. फारच कडेला गेला, तर दोष रॉकर ज्यावर बसतो त्या स्टडच्या जागेत किंवा रॉकरच्या लांबीत शोधावा.

आता खरी तक्रार. या पुशरॉडला चेक नट, म्हणजे आटे जागच्या जागी आवळून धरणारा नट, नाही. क्रँक फिरताना पुशरॉड स्वतःभोवती फिरतो आणि सैल आटे हळूच सरकतात. भाचा टॉर्च धरून उभा होता, तोच म्हणाला, “मामा, पट्टा परत रुंद झालाय.” पाहिलं तर पाव फेरा उलटा गेलेला. शेवटी आट्यांवर टेप गुंडाळली आणि जोडावर आडवी रेघ मारली. एवढ्या नेमक्या कामाच्या हत्यारात ही कसर ठेवायला नको होती.

लांबीचे आकडेही इतके पुसट कोरलेत की मी कॅलिपरच लावला. तिथे एक मेख आहे: ५/१६ इंचाच्या गोल टोकाला तेलाचं ०.१०० इंचाचं भोक असेल, तर दोन्ही टोकं मिळून कॅलिपर साधारण ०.०१७ इंच कमी दाखवतो. ऑर्डर देताना माप भोकासकट की पूर्ण गोल धरून, हे विचारून घ्या. मी विचारलं, म्हणून वाचलो.

पाचपैकी साडेतीन. चेक नट असता तर साडेचार दिले असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पुशरॉडचं माप वेगळं घ्यायचं राहिलंय. टेप अजून काढलेली नाही.