बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर: मोफत वाद्यवृंद कितपत खरा वाटतो?

स्पिटफायर ऑडिओ या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांचे स्वर ध्वनिमुद्रित करून संगणकावर वाद्यवृंद वाजवण्यासाठी जो सॉफ्टवेअर-संग्रह तयार केला, त्याची ‘डिस्कव्हर’ ही सर्वांत लहान आवृत्ती आहे. तिच्यात ३३ वाद्ये व ४७ वादनप्रकार असूनही ती संगणकावर जेमतेम २०० एमबी जागा घेते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही अडखळत नाही.

तंतुवाद्यांचे पिझिकाटो (बोटाने तार छेडून) आणि स्पिकाटो (गज तारेवर उसळवून) हे तुटक स्वर यात उत्तम वाटतात, कारण प्रत्येक स्वर वाजतो आणि संपतो. त्याला पुढच्या स्वराशी नाते जोडायचे नसते. खरी परीक्षा लांब स्वरांची असते. गज न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतानाचा आवाज, म्हणजे लेगाटो, या आवृत्तीत नाही. मिंडेला सरावलेल्या आपल्या कानांना संथ सुरावटीत ही उणीव चटकन जाणवते, आणि रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखा घुमारा, वाढवून ती झाकण्याचा प्रयत्न केल्यास सगळेच धूसर होते.

तरीही कृत्रिमपणाचा सगळा दोष सॉफ्टवेअरला देणे मला पटत नाही. पहिल्या व्हायोलिनच्या गटात १६ वादक आहेत. पेटीवर धरावा तसा तीन स्वरांचा मेळ त्या एकाच ट्रॅकवर धरला, तर प्रत्येक स्वर पूर्ण गट वाजवतो आणि ४८ व्हायोलिन ऐकू येतात. तोच मेळ पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला यांना एकेक स्वर देऊन वाटला की आवाज लगेच माणसात येतो. दुसरी गोष्ट मॉड्युलेशन व्हीलची, म्हणजे संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवरच्या छोट्या चाकाची. त्याने स्वराची तीव्रता बदलते. लांब स्वर टाकून व्हील जागचे हललेच नाही, तर कोणताही संग्रह निर्जीवच वाटणार. लांब स्वर किंचित उशिरा उमलतात, म्हणून ते ठोक्याच्या थोडे आधी सरकवावे लागतात.

मायक्रोफोनचे मिश्रण एकच असल्याने वाद्ये जवळ-दूर करण्याची सोय नाही, हे पार्श्वसंगीत करणाऱ्यांना खटकेल. मात्र इथे रचलेले संगीत ‘कोअर’ व ‘प्रोफेशनल’ या मोठ्या आवृत्त्यांत नेता येते, ही सोय विद्यार्थ्यांना फार उपयोगी आहे; तसे नेल्यावर आवाजाच्या पातळ्या तेवढ्या पुन्हा तपासाव्यात.