वॉटरजेट, लेझर, प्लाझ्मा की वायरकट? धातूची प्लेट कापून घेण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

२० मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस प्लेटमधून फ्लँज (पाइप बोल्टने जोडण्याची चकती) कापून घ्यायचा असेल, तर एकाच ड्रॉइंगवर लेझरवाल्याचा, प्लाझ्मावाल्याचा (तापलेल्या वायूच्या झोताने कापणाऱ्याचा) आणि वॉटरजेटवाल्याचा (पाण्याच्या धारेने कापणाऱ्याचा) असे तीन भाव हाती येतात आणि त्यांत बहुधा वॉटरजेटचा भाव सर्वांत चढा असतो. केवळ आकड्यांकडे पाहून निवड केली तर ती फसण्याची शक्यता मोठी, कारण हे तिघे एकच वस्तू देत नसतात. आकार तिघांचाही सारखाच दिसतो, पण कड वेगळी असते. आणि त्या कडेवर पुढे आटे पाडायचे आहेत, वेल्डिंग करायचे आहे, रंग द्यायचा आहे की ती तशीच उघडी राहणार आहे, यावर जॉबचा खरा खर्च ठरतो. म्हणून पुढची सारी तुलना मी यंत्राच्या अंगाने न करता कडेच्या अंगाने केली आहे.

ढोबळ उत्तर आधीच देतो. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा माइल्ड स्टीलचा किंवा स्टेनलेसचा पत्रा असेल आणि नग बरेच असतील, तर लेझरला तोड नाही आणि तिथे वॉटरजेटचा आग्रह धरू नये. जाड माइल्ड स्टीलचे गसेट (सांध्याला बळकटी देणारे तुकडे), बेस प्लेट, ब्रॅकेट अशी वेल्डिंगखाली जाणारी कामे प्लाझ्मावर किंवा फार जाडीला गॅस कटिंगवर भागतात. पंच आणि डाय यांसारख्या, शतांश मिलिमीटरही जिथे जास्त होतो, अशा जॉबसाठी वायरकटच, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या तारेने कापणेच, हवे. या तिन्हींच्या मधे जो मोठा प्रदेश उरतो, म्हणजे जाड स्टेनलेस, ॲल्युमिनिअम, तांबे, टायटॅनिअम, कडक केलेले पोलाद, थरांचे पदार्थ आणि उष्णता ज्याला सोसत नाही असे सर्व काही, तो वॉटरजेटचा आहे.

पाण्याची धार धातू कशी कापते

पंप पाण्याचा दाब साधारण ४,००० बारपर्यंत, म्हणजे ६०,००० पीएसआयच्या आसपास नेतो. काही पंप ६,००० बारच्याही पुढे जातात. हे पाणी नीलम, माणिक किंवा हिऱ्यात पाडलेल्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढ्या छिद्रातून सुटते तेव्हा त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून अधिक असतो. नुसत्या पाण्याने रबर, फोम, कागद कापता येतात, धातू नाही. धातूसाठी या धारेत गार्नेटची बारीक वाळू, बहुतेक ठिकाणी ८० मेशची (मेश म्हणजे कणांच्या बारीकपणाचे चाळणीचे माप), मिसळावी लागते. ही युक्ती मोहम्मद हशीश यांनी १९८० च्या सुमारास अमेरिकेत विकसित केली आणि तिच्यामुळेच वॉटरजेट फॅब्रिकेशनच्या कामात आला. मिश्रण टंगस्टन कार्बाइडच्या नळीतून प्लेटवर आदळते आणि धातू वितळण्याऐवजी कणाकणाने खरवडला जातो. कापाची रुंदी नळीच्या छिद्राएवढी किंवा किंचित अधिक, साधारण ०.८ ते १.२ मिलिमीटर, पडते.

धातू वितळतच नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. कडेला उष्णतेने बदललेला पट्टा राहत नाही. घासाला टिकावी म्हणून कडक केलेली प्लेट कापली तरी तिचा कडकपणा कडेपर्यंत तसाच राहतो, तर प्लाझ्माने किंवा गॅसने कापल्यावर कडेलगतचा भाग मऊ पडतो आणि झीज नेमकी तिथूनच सुरू होते. टायटॅनिअम तापले की हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते. पाण्याच्या धारेत तो प्रश्न उद्भवत नाही. तांबे आणि पितळ चकाकतात, उष्णता झपाट्याने पसरवतात आणि म्हणून लेझरला जड जातात. धारेला मात्र चकाकीशी काही देणेघेणे नसते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा धूर होत नाही. आणि शंभर-दीडशे मिलिमीटर जाडीचे ठोकळेही कापता येतात, फक्त वेळ तितका द्यावा लागतो.

तो वेळच महाग पडतो. ४,००० बारच्या एका नोझलने २० मिलिमीटर स्टेनलेसवर चांगली कड हवी असेल, तर डोके मिनिटाला १०० मिलिमीटरही पुढे सरकत नाही. या काळात दर मिनिटाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम गार्नेट खर्च होते, म्हणजे तासाला २० ते ३० किलो, आणि ते बहुतेक ठिकाणी एकदाच वापरून टाकीच्या तळाशी जाते. वॉटरजेटचा भाव चढा का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. नफेखोरीचा संशय घेण्यापूर्वी ते लक्षात घ्यावेत.

कड जवळून पाहिली तर

वॉटरजेटने कापलेली ४० मिलिमीटरची प्लेट हातात घेऊन उजेडात तिरपी धरावी. वरचा तिसरा हिस्सा बारीक सँडब्लास्ट केल्यासारखा, मऊ राखाडी आणि एकसारखा दिसतो. मधून खाली जाऊ लागले की उभ्या रेषा उमटू लागतात, आणि तळाशी त्या स्पष्ट होऊन ज्या दिशेने डोके गेले त्याच्या उलट्या बाजूला वळलेल्या असतात. धार तळाशी पोचेपर्यंत मागे राहते, त्याची ही खूण आहे. डोके जितक्या वेगाने फिरवले, तितक्या या रेषा खोल पडतात. कोपऱ्यावर वेग कमी केला नसेल, तर मागे राहिलेली धार तळाशी कोपरा कुरतडते आणि वरून काटकोनात दिसणारा कोपरा खालून बिघडलेला निघतो.

दुसरी गोष्ट टेपरची, म्हणजे कडेच्या उताराची. नेहमीच्या वेगाने कापताना काप वर किंचित रुंद आणि खाली अरुंद पडतो, म्हणून भोकाचे माप वर एक आणि खाली दुसरे भरते. फरक बहुधा एक-दोन दशांश मिलिमीटरचाच असतो. वेल्डिंगच्या जॉबला तो जाणवतही नाही, पण बेअरिंग बसवायच्या भोकाला तो चालत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, वेग कमी करणे. दोन, डोके किंचित तिरपे करून सारा उतार भंगारात जाणाऱ्या बाजूला ढकलणे. त्यासाठी पाच अक्षांचे डोके लागते आणि ते प्रत्येकाकडे नसते.

कडेची प्रत साधारणपणे क्यू-१ ते क्यू-५ अशा पाच पायऱ्यांनी सांगितली जाते. क्यू-१ म्हणजे तुकडा कसाबसा वेगळा झाला, आणि क्यू-५ म्हणजे सर्वांत गुळगुळीत कड. या दोन टोकांत वेळेचा फरक कित्येक पटींचा पडतो. दोन ठिकाणचे भाव दुप्पट-तिप्पट वेगळे आले, तर बहुतेक वेळा एकाने क्यू-२ धरलेले असते आणि दुसऱ्याने क्यू-४. चौकशीच्या पत्रात प्रत लिहिलीच नसेल, तर ते भाव एकमेकांशेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

लेझर कुठे पुढे, कुठे मागे

दोन मिलिमीटर स्टेनलेसवर फायबर लेझर मिनिटाला दहा मीटरहून अधिक वेगाने धावतो. वॉटरजेट त्याच्या आसपासही येत नाही. काप दोन-तीन दशांश मिलिमीटरचा किंवा त्याहूनही अरुंद, नेस्टिंग (एका पत्र्यावर नगांची मांडणी) दाट, कोपरे टोकदार. पत्र्याच्या कामात लेझर निवडताना दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

प्रश्न जाडी वाढल्यावर आणि पुढची प्रक्रिया पाहिल्यावर सुरू होतात. माइल्ड स्टील ऑक्सिजनने कापले की कडेवर ऑक्साइडचा पातळ, काळपट थर बसतो. त्यावर थेट पावडर कोटिंग केले तर काही महिन्यांत रंग कडेवरून पापुद्र्यासारखा सुटतो, कारण रंग धातूला न चिकटता त्या थराला चिकटलेला असतो. नायट्रोजनने कापल्यास हा थर येत नाही, म्हणून रंगाच्या जॉबला कोणता वायू वापरणार हे विचारून घ्यावे. वॉटरजेटच्या कडेवर ऑक्साइड नसतो आणि ती मुळातच थोडी खरबरीत असल्याने रंग चांगला धरते. माइल्ड स्टील ओले राहिले तर मात्र त्याच दिवशी गंजाची तांबूस झाक येते.

आट्यांबाबतचा एक अनुभव मी विसरलेलो नाही. मध्यम कार्बनच्या पोलादाच्या १२ मिलिमीटर प्लेट आम्ही लेझरवर कापून आणल्या होत्या आणि एम-१० च्या आट्यांसाठी ८.५ मिलिमीटरची भोकेही तिथेच थेट कापून घेतली होती. माप व्हर्निअरवर बरोबर होते, कड डोळ्याला स्वच्छ होती. पहिला टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) दुसऱ्या भोकात मोडला, दुसरा टॅप त्याच्या शेजारच्या भोकात. लेझरने तापलेली भोकाची भिंत लगतच्या थंड धातूमुळे क्षणात निवते आणि अशा पोलादात ती कडक होऊन बसते; टॅपची धार त्या कडक कातडीवर टिकत नाही. कापणाऱ्याने ड्रॉइंगप्रमाणेच काम केले होते, आम्हीच पुढच्या प्रक्रियेचा विचार कळवला नव्हता. तेव्हापासून अशा पोलादात आट्यांच्या भोकांचे फक्त केंद्र लेझरने उमटवून घ्यायचे आणि पूर्ण भोक ड्रिलने पाडायचे, किंवा प्लेट वॉटरजेटला द्यायची, हा नियम आम्ही पाळतो. वॉटरजेटच्या भोकाची भिंत मूळ धातूइतकीच मऊ राहते, त्यामुळे थोडे लहान भोक कापून त्यातून ड्रिल सहज फिरवता येते.

प्लाझ्मा आणि वायरकट

प्लाझ्मा जाड प्लेटवर वॉटरजेटच्या कितीतरी पट वेगवान आणि स्वस्त असतो. बदल्यात कड थोडी तिरपी येते, खाली चिकटलेला स्लॅग (वितळून गोठलेला मळ) घासावा लागतो आणि माप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास इकडेतिकडे होते. हवेच्या प्लाझ्माने कापलेल्या कडेत नायट्रोजन मुरतो आणि ती न घासता वेल्ड केली तर वेल्डमध्ये छिद्रे राहू शकतात. ग्राइंडिंगचे तास धरूनच प्लाझ्माचा भाव वाचावा.

वायरकटमध्ये पाव मिलिमीटरची तार ठिणग्यांनी धातू खाते. अचूकता मिलिमीटरच्या हजारांशात मोजता येते, पण वीजवाहक धातूच चालतो, आतल्या आकारासाठी आधी भोक पाडावे लागते आणि काम अतिशय सावकाश होते. जाड जॉबमध्ये बहुतांश धातू वॉटरजेटने काढून फक्त शेवटचा काप वायरकटला देणे, हा मार्ग दोन्हींच्या खर्चात बसतो आणि तो विचारला जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

दोन वॉटरजेट सेवांमधून निवडताना

पद्धत ठरली तरी सेवा ठरायची असते, आणि इथे फरक यंत्राच्या नावापेक्षा त्याच्या निगेत जास्त असतो. टंगस्टन कार्बाइडची नळी गार्नेटने आतून झिजत जाते. तिचे आयुष्य साधारण ५० ते १०० तासांचे. ती रुंदावली की काप रुंदावतो आणि त्याची भरपाई प्रोग्रॅममध्ये केली नसेल, तर बाहेरचे आकार लहान आणि भोके मोठी निघू लागतात. सकाळचा पहिला नग आणि संध्याकाळचा शेवटचा नग यांचे माप वेगळे येते ते यामुळे. नळी कधी बदलता आणि कापाची रुंदी किती वेळाने मोजता, या प्रश्नाला जो चटकन आणि आकड्यांत उत्तर देतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

धातूवर थर चिकटवलेले असतील, किंवा काच-कार्बनचे कंपोझिट असेल, तर सुरुवातीचे छिद्र कमी दाबाने पाडण्याची सोय आहे का, हे विचारणे अत्यावश्यक आहे; पूर्ण दाबाच्या धारेने पाणी थरांत शिरते आणि थर सुटतात. धार जिथे आत शिरते आणि जिथे बाहेर पडते, तिथे कडेवर बारीक खूण राहते; ती सीलच्या किंवा दिसणाऱ्या बाजूला नको असेल तर ड्रॉइंगवर दाखवावी. ॲल्युमिनिअमसारख्या मऊ धातूत गार्नेटचे कण कडेत रुतून राहतात, म्हणून महत्त्वाच्या वेल्डिंगपूर्वी कड साफ करण्याची जबाबदारी कोणाची, तेही ठरवून घ्यावे.

एक गैरसमज दूर करायला हवा. उष्णता नाही म्हणून प्लेट हलणारच नाही, असे कोणी सांगत असेल तर ते पूर्ण खरे नाही. रोलिंगच्या वेळी प्लेटमध्ये अडकलेला ताण काप घेताना मोकळा होतो आणि लांब, अरुंद पट्टी पाण्यानेही वाकते. अशा जॉबला ताणून ताण काढलेली, उदाहरणार्थ टी-६५१ अवस्थेतील ॲल्युमिनिअम प्लेट घ्यावी, किंवा आधी सैल काप घेऊन मग अंतिम काप घ्यायला सांगावे.

आता सुरुवातीच्या फ्लँजकडे पाहू. त्याचा बाहेरचा घेर कुठेही बसत नाही, म्हणून तो क्यू-२ ने कापला तरी बिघडत नाही. बोल्टची भोके सैल असल्याने त्यांना क्यू-३ पुरते. मधले भोक शेवटी लेथवरच जाणार असेल, तर तिथे बाजूला दोन मिलिमीटर जास्त धातू ठेवून तेही क्यू-२ ने कापावे, आणि लेथवर जाणार नसेल तर त्या एकाच भोकासाठी क्यू-४ व तिरप्या डोक्याचा भाव मागावा. हे तीन शेरे ड्रॉइंगवर लिहून पाठवले, की सगळा जॉब क्यू-४ ने धरून आलेला भाव बराच खाली उतरतो. पहिला नग हाती आला की मधल्या भोकाचे माप वरून आणि खालून असे दोनदा घ्यावे, आणि ते दोन्ही आकडे कळवल्यावरच उरलेले नग कापायला सांगावे.