टीएलडी बॅज सेवा: नोकरी बदलणाऱ्या एक्स-रे, सीटी टेक्निशियनला कितपत उपयोगी?

मिरजेत टेक्निशियनची नोकरी अनेकदा फोनवरच ठरते. उद्यापासून येता का, नाइट किती, पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, एवढ्यावर बोलणं संपतं. कामात लागणारं रेडिएशन मोजायला छातीवर लावायच्या टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसीमीटर) बॅजचा विषय रुजू झाल्यावर कधीतरी निघतो, काही ठिकाणी निघतच नाही. नोकरी शोधणाऱ्याने हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना मशीन मागे राहतं, ओळखीचे डॉक्टर मागे राहतात. बॅजवर जमा झालेला डोसचा, म्हणजे अंगाला लागलेल्या रेडिएशनचा, हिशोब मात्र तुमच्याबरोबर येतो, निदान यायला हवा. म्हणून या सेवेचं हे परीक्षण नोकरी बदलणाऱ्याच्या बाजूने केलं आहे.

आधी वस्तू पाहू. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन चकत्या बसवलेल्या असतात. त्या टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या असतात. होल्डरमध्ये एका चकतीवर तांबं-ॲल्युमिनियमचा फिल्टर येतो, दुसरीवर प्लास्टिकचा, आणि तिसरी उघडी राहते. तिन्ही चकत्यांवरच्या नोंदींचं प्रमाण पाहून कोणत्या प्रकारचं रेडिएशन किती लागलं ते काढतात. कार्डाला एका कोपऱ्यात खाच असते, ती कार्ड नेमक्या बाजूने बसावं म्हणून. जबरदस्तीने उलटं घुसवलं तर फिल्टर आणि चकती यांची जोडी चुकते आणि आकडा निरर्थक होतो. प्रयोगशाळेत चकती तापवतात, साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि तो प्रकाश मोजतात. वाचताना साठलेलं पुसलं जातं. त्यामुळे 'परत एकदा तपासा' म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. उरतो तो कागद, आणि म्हणून कागदाची काळजी.

मोजमाप म्हणून ही सेवा उत्तम आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळा ती चालवतात. एक्स-रे विभागासाठी कार्डं तिमाहीची असतात. पाकिटात प्रत्येकाच्या नावाचं आणि नंबराचं कार्ड येतं, शिवाय एक कंट्रोल कार्ड. तिमाही संपली की जुनी कार्डं कंट्रोलसकट एकत्र परत पाठवायची. कंट्रोलचं काम नैसर्गिक पार्श्वभूमीचा डोस वजा करण्याचं, त्यामुळे ते एक्स-रे रूमपासून लांब, सुरक्षित जागी राहिलं पाहिजे. कन्सोलच्या, म्हणजे मशीन चालवायच्या टेबलाच्या, ड्रॉवरमध्ये ठेवलेलं कंट्रोल कार्ड दिसलं, तर त्या विभागातल्या सगळ्यांचे आकडे संशयास्पद समजा.

गोंधळ होतो तो वापरताना. बॅज छातीच्या उंचीवर आणि लेड ॲप्रनच्या आत लावायचा. ॲप्रनच्या वर लावला तर अंगापर्यंत न पोहोचलेला डोस तुमच्या नावावर चढतो. ॲप्रनलाच अडकवून ॲप्रन एक्स-रे रूममधल्या खुंटीवर टांगला, तर रात्रपाळीच्या सगळ्या एक्सपोजरचा विखुरलेला डोस तुम्ही घरी झोपलेले असताना मोजला जातो. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत बॅज ठेवू नका. उष्णता आणि ओल या दोन्हींपासून तो जपायचा असतो. स्वतःचा एक्स-रे काढायची वेळ आली तर बॅज काढून ठेवा, कारण पेशंट म्हणून लागलेला डोस या हिशोबात धरत नाहीत. आणि दुसऱ्याच्या नावाचा बॅज लावून काम करणं म्हणजे दोघांचाही हिशोब बुडवणं.

रिपोर्टवर शून्य दिसलं की लोक खूश होतात. पण शून्य दोन प्रकारचं असतं. एक, टेक्निशियन बॅरियरमागे उभा राहतो आणि खरोखर डोस नाही. दुसरं, बॅज तीन महिने ड्रॉवरमध्ये पडून होता. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. साध्या एक्स-रे किंवा सीटीच्या कन्सोलवर शून्य किंवा अगदी लहान आकडा अपेक्षितच आहे. कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली) किंवा सी-आर्मशेजारी (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं शून्य येत असेल, तर मात्र विचारपूस करायला हवी. आपल्याकडची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. हे आकडे पाठ असले की रिपोर्ट वाचायला कुणाची गरज लागत नाही.

आता खऱ्या परीक्षेचा भाग, नोकरी बदलताना काय होतं. बॅजवरचा वैयक्तिक नंबर कायमचा असतो. नव्या ठिकाणी बॅजचा फॉर्म भरताना जुना नंबर लिहिला की मागचा डोस त्याच नावाखाली चालू राहतो. लिहिला नाही की नवा नंबर पडतो आणि तुमच्या नोकरीचा इतिहास दोन तुकड्यांत विभागला जातो. फॉर्म बहुतेक वेळा ऑफिसचा क्लार्क भरतो आणि तो रकाना कोरा सोडतो. फॉर्म स्वतः भरा. जुना नंबर आठवत नसेल तर कुठल्याही जुन्या रिपोर्टवर तो असतो.

ॲटॉमिक एनर्जी (रेडिएशन प्रोटेक्शन) रूल्स, २००४ या नियमावलीत टेक्निशियनच्या कामाची गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. मालकाने कामगाराला त्याच्या डोसची नोंद दरवर्षी द्यायची, मागेल तेव्हा द्यायची आणि नोकरी सोडतानाही द्यायची. नवीन मालकाने मागितली तर जुन्याने त्यालाही द्यायची. उलट, आधी कुठे रेडिएशनचं काम केलं ते नव्या मालकाला सांगणं कामगाराचंही कर्तव्य आहे. म्हणजे डोस रिपोर्ट मागणं ही विनंती नाही, तो हक्क आहे. याचा एक जोडफायदाही आहे. काही ठिकाणी अनुभवाचा दाखला द्यायला टाळाटाळ होते, किंवा दाखल्यावर कमी काळ लिहिला जातो. अशा वेळी संस्थेचं नाव, तुमचं नाव आणि तिमाही छापलेला डोस रिपोर्ट हा तुम्ही तिथे काम करत होतात याचा त्रयस्थाने दिलेला कागद ठरतो. तो दाखल्याची जागा घेत नाही, पण मुलाखतीत फाइलमध्ये असला की बोलणं सोपं जातं.

म्हणूनच मुलाखतीला तीन प्रश्न न्या. माझ्या नावाचा बॅज कोणत्या तिमाहीपासून येईल? मागच्या तिमाहीचा रिपोर्ट पाहायला मिळेल का? कंट्रोल बॅज कुठे ठेवता? सरळ उत्तरं मिळाली तर तिथे नोंदी नीट आहेत असं समजायला हरकत नाही. रिपोर्टमध्ये सोडून गेलेल्यांची नावं दिसत असतील आणि आत्ता कन्सोलवर बसलेल्या दोघांची नसतील, तर तुमचंही नाव लवकर येणार नाही. बॅजचे पैसे पगारातून कापू असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा, बॅज पुरवणं मालकाचं काम आहे. 'आमच्याकडे सहा महिने झाल्यावर बॅज देतो' हे उत्तरही चालण्यासारखं नाही. रेडिएशन पहिल्या दिवसापासून असतं, प्रोबेशन संपायची वाट पाहत नाही. शिकाऊ म्हणून जाणाऱ्या मुलामुलींनी हेच विचारायचं आहे, आणि अधिक ठामपणे, कारण पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात पाठवतात ते त्यांनाच.

मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. वॉनलेस यांचा मिशन दवाखाना १८९४ चा, म्हणजे १८९५ मध्ये लागलेल्या क्ष-किरणांच्या शोधापेक्षा एक वर्षाने जुना. एका गावात इतके दवाखाने असले की सकाळी एका ठिकाणी, संध्याकाळी दुसऱ्या स्कॅन सेंटरला आणि मधूनच कुणाच्या तरी बदली नाइटला, असं काम सर्रास चालतं. सातारा-कराडकडेही हेच. इथे सेवेचा दोष स्पष्ट दिसतो. बॅज संस्थेच्या नावाने येतो आणि डोस माणसाला लागतो. मर्यादा माणसाची असते, संस्थेची नाही. दोन्ही ठिकाणी स्वतंत्र बॅज घ्या, दोन्ही फॉर्मवर एकच वैयक्तिक नंबर लिहा, दोन्हीकडच्या आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) दुसऱ्या कामाची कल्पना द्या. सकाळचा बॅज संध्याकाळच्या सेंटरला नेला तर एका संस्थेचा डोस दुसरीच्या खात्यावर चढतो, आणि आकडा वाढला की चौकशी चुकीच्या दारात जाते.

एमआरआयच्या नोकरीत बॅजच नसतो, कारण तिथे आयनकारी रेडिएशन नाही. सीटी सोडून १.५ टेस्लाच्या एमआरआय मशीनवर गेलात की रिपोर्ट येणं थांबतं. त्यात काळजीचं काही नाही. फक्त तोपर्यंतचे रिपोर्ट जपून ठेवा, दोन वर्षांनी परत सीटीवर यावं लागलं तर जुना नंबर तेव्हा लागतो.

गर्भवती टेक्निशियनसाठी हा बॅज फार महत्त्वाचा आहे. गर्भधारणा कळताच मालकाला आणि आरएसओला लेखी कळवायचं असतं. त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस पोहोचू नये, अशा बेताने काम बदलून द्यायचं असतं. नोकरी जाईल या भीतीने ही गोष्ट लपवली जाते, ही भीती खरी आहे आणि तिचा दोष त्या मुलीचा नाही. लेखी पत्राची प्रत आणि त्या तिमाहीचा रिपोर्ट दोन्ही स्वतःजवळ ठेवावेत.

सेवेच्या दोन उणिवा मोठ्या आहेत. पहिली, बॅज काही सांगत नाही. डोस कळतो तो तिमाही संपून कार्ड गेल्यावर आणि वाचून झाल्यावर. तोपर्यंत चूक शंभर वेळा झालेली असते. सी-आर्मवर रोज काम असेल तर लगेच आकडा दाखवणारा पॉकेट डोसीमीटर जोडीला मागावा. दुसरी, रिपोर्ट संस्थेकडे जातो, टेक्निशियनकडे नाही. ज्याचा डोस त्यालाच कागदासाठी फेऱ्या माराव्या लागतात. मोजमापाला पैकीच्या पैकी गुण, रिपोर्ट हातात पडण्याला पाचपैकी दोन.

शेवटच्या दिवसासाठी एक काम. सोडताना बॅज खिशात राहिला तर संस्थेचं कार्ड कमी पडतं आणि तुमच्या शेवटच्या तिमाहीची नोंद कोरी राहते. बॅज आरएसओच्या हातात द्या, कार्ड नंबर, तिमाही आणि तारीख लिहून पोच घ्या. आरएसओ म्हणून तुमचंच नाव लागलेलं असेल तर ई-लोरावरून (अणुऊर्जा नियामक मंडळाचं ऑनलाइन पोर्टल) ते मोकळं करून घेतल्याशिवाय निघू नका. डोसची नोंद मिळावी असा अर्ज त्याच दिवशी द्या. शेवटच्या तिमाहीचा रिपोर्ट तुम्ही गेल्यावरच येणार, म्हणून अर्जात तुमचा चालू मोबाइल नंबर आणि ईमेल लिहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.