मोरा कंपॅनियन: विकतात शिकारीचा चाकू म्हणून, आमच्याकडे कोंबडी आणि मासळीला

ऑनलाइन 'हंटिंग नाइफ' टाकून बघा, काय काय येतं, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, पात्यावर कवटी आणि वर स्वस्तातलं 'डमास्कस', म्हणजे लहरींची नक्षी असलेलं स्टील. अरे पण शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, हरीण सोलणारेय कोण? मुंबईत असा चाकू घेणारा म्हणजे ट्रेकवाला, नाहीतर कर्जतला कुणाच्या तरी फार्मवर चुलीवर कोंबडी करणारा, नाहीतर मढला गळ टाकून बसणारा. मी तिन्ही थोडा थोडा आहे, म्हणून मोरा कंपॅनियनचा हा रिव्ह्यू त्याच कामांचा.

आधी सरळ सांगतो, माझ्या मते चांगला चाकू तो, ज्याला तुम्ही स्वतः घरच्या घरी धार लावू शकता. बाकी स्टीलची नावं, रॉकवेलचे म्हणजे कडकपणाचे आकडे यावर लोक रात्र रात्र भांडतात, आणि त्यांच्या चाकूने टोमॅटो चिरडतो, कापला जात नाही.

मोरा हे स्वीडनमधलं गाव, चाकू बनवण्यासाठीच नाव असलेलं. कंपॅनियन हा तिथल्या मोरा कंपनीचा अगदी साधा मॉडेल, पातं साधारण १०४ मिमी म्हणजे चार इंचाला जरासं जास्त, जाडी २.५ मिमी, रबरासारखी घट्ट मूठ, प्लास्टिकचं म्यान. दिसायला सुताराच्या हत्यारासारखा, मित्रांना दाखवलात तर कोणी वॉव म्हणणार नाही. मला अडीच हजारांच्या आत पडला.

आता खरी गंमत याच्या धारेत आहे. याला स्कँडी ग्राइंड म्हणतात, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच रुंद उतार, तो थेट धारेपर्यंत गेलेला. तो उतार दगडावर सपाट टेकवला की अँगल आपोआप बसतो, वीस डिग्री की पंचवीस याची डोकेफोड नाही. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड पाण्यात भिजवायचा, उतार टेकवायचा, धार पुढे ठेवून ढकलायचं, एका बाजूने करत राहायचं जोवर पलीकडच्या कडेला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखर लागत नाही, ती पूर्ण लांबीभर लागली की मगच दुसरी बाजू. लोक इथेच घाई करतात, चार वेळा इकडे चार वेळा तिकडे आणि मग म्हणतात दगड बोगस निघाला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धातू घासायची हिरवी पॉलिश चोळून त्यावर उलटं ओढायचं, धार मागे ठेवून, नाहीतर पट्टाच कापला जाईल. कागद सरसर कापला की झालं. नागदेवीला हार्डवेअरच्या गल्ल्यांत जे दोन बाजूंचे काळे दगड मिळतात ते फार खरखरीत असतात, पात्याला खाच पडली असेल तरच काढा.

आणि प्लीज, असा चाकू खाली सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला देऊ नका. घरच्या विळीला, कोयत्याला तो ठीक आहे, पण कोरडं चाक जोरात टेकलं की कडेचं स्टील तापतं, निळसर झालं की तिथलं पाणी म्हणजे कडकपणा उतरला समजायचं, मग कितीही धार लावा ती टिकत नाही. शिवाय तो सपाट उतार गोल करून टाकतो, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच गेलं.

आकाराचं सांगतो. शिकारीच्या चाकूची पाठ टोकाकडे हळूहळू खाली उतरते, पोट उघडताना टोक आतड्यात घुसू नये म्हणून, आणि धारेला पोटासारखा बाक असतो तो कातडी सोलायला. हे दोन्ही आपल्याला कोंबडीच्या सांध्यात आणि पापलेटला भरायला चीर देताना उपयोगी पडतं. पाठीवर हुकासारखा आकडा असलेले जे चाकू येतात ना, तो आकडा मोठ्या जनावराचं पोट फाडण्यासाठी, आपल्याला काडीचा उपयोग नाही आणि सपाट दगडावर त्याला धारही लागत नाही.

तोटे पण आहेत. स्कँडी म्हणजे पाचर, त्यामुळे कांदा बारीक चिरायला हा चाकू वाईट, गाजर तर कापण्याऐवजी फुटतं. पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं नाही, म्हणून वर दांडकं मारून लाकूड फोडायला हा नाही. सुरमईच्या मधल्या काट्याला कोळणीकडचा कोयताच हवा. पाठ गोलसर आहे म्हणून फायर स्टीलवर (घासून ठिणगी पाडायची कांडी) ठिणगी नीट पडत नाही, ट्रेकवाल्यांनी हे लक्षात घ्या, अर्थात लायटर नेला की विषय संपला.

स्टेनलेस घ्यायचा की साध्या कार्बन स्टीलचा? मुंबईत राहत असाल तर स्टेनलेस, बस. मोराच्या स्टेनलेसला वर्षानुवर्षं सँडविक कंपनीचं १२सी२७ नावाचं स्टील वापरलं गेलंय, त्यात गंज रोखणारं क्रोमियम साधारण साडेतेरा टक्के. कार्बनला धार पटकन लागते हे खरं, पण इथली खारी हवा, त्यात जुलैचा दमटपणा, वर लिंबू-कोकम लावलेली मासळी, काळा पडणारच आणि नुसता पुसून ठेवला तरी गंज पकडणार. ज्यांना रोज पुसायची हौस आहे त्यांनी खुशाल घ्या. आणि स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही हं, खाऱ्या पाण्यात वापरून तसाच म्यानात कोंबला तर टिपके येतात. वापरला की गोड्या पाण्याने धुवा, कोरडा करा, म्यानही धुवून उलटं टांगून वाळवा, खाली भोक आहे पाणी जायला. चामड्याचं म्यान पावसाळ्यात ओल धरतं, चाकू त्यात महिनोन्‌महिने ठेवायचाच नाही. लाकडी मुठीचे फोल्डिंग चाकू पावसात लाकूड फुगून उघडतच नाहीत, तेही टाळा. तेल लावायचं तर खोबरेल नको, पुढे खवट होतं, मेडिकलमधे लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला घेतात तेच, दोन थेंब पुरे.

आता कायद्याचं, कारण हे कोणी सांगत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू वेगळे धरलेत, घरकाम-शेतीची हत्यारं सोडून, म्हणजे हा त्यात बसत नाही. पण मुंबईत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश काढतात, त्यात सार्वजनिक जागी चाकू बाळगणंही येतं, तेव्हा कमरेला लटकवून लोकलमधे चढायचा शहाणपणा करू नका, सॅकच्या तळाशी गुंडाळून. दुसरं म्हणजे वन्यजीव कायद्यात 'शस्त्र'च्या व्याख्येत चाकूही आहे आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला लेखी परवानगी लागते. कर्नाळा, हरिश्चंद्रगड, आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, सगळं यात आलं. तिकडे जाताना हा घरीच ठेवा, मॅगीचं पाकीट दातानेही फाटतं.

पाचातले साडेचार, अर्धा कांद्यासाठी कापला. घेताना दगडाचे पैसे वेगळे धरा, आणि पेटीवर स्टेनलेस की कार्बन ते नीट वाचून घ्या, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखेच असतात.