खेळकर डिजिटल कला बघायला सोलापूरहून कुठे जावं: केगाव, मुंबई की बेंगळुरू?

तिकीट काढण्याआधी एक ठरवा. पोरांना नुसतं बघायला न्यायचंय की खेळायला? जाहिरातीत दोन्ही सारखंच दिसतं. 2023 साली मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचं 360 अंशांतलं प्रदर्शन लागलं होतं. असल्या प्रदर्शनात भिंतीभर चित्रं फिरतात, फोटो झकास येतात. पण तुम्ही तिथे असलात काय, नसलात काय, चित्राला फरक पडत नाही.

याउलट 1999 ची ‘टेक्स्ट रेन’ ही कलाकृती बघा. पडद्यावर तुमचीच छबी दिसते आणि वरून अक्षरं पावसासारखी पडत असतात. कॅमेऱ्याला जिथे गडद दिसेल तिथे अक्षर टेकतं. हात पसरला की हातावर अक्षरं साठतात, काढून घेतला की खाली घसरतात. बराच वेळ झेलत राहिलं तर अख्खा शब्द हाती लागतो. रात्रभराचा प्रवास करायचा तर तो अशा गोष्टीसाठी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

केगावचं विज्ञान केंद्र सोलापुरातच, पुणे रस्त्याला, विद्यापीठाजवळ. तिथे कला नाही, विज्ञान आहे. पण उपकरणं हाताळून बघायची असतात, आणि आपण काहीतरी केलं की समोर काहीतरी घडतं ही गंमत तीच. पोर दहा वर्षांच्या आतलं असेल तर दुसरीकडे जाऊच नका.

मुंबईचं वरळीतलं नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासूनचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत. पसारा केगावपेक्षा कितीतरी मोठा, पण जात तीच. केगाव बघून चटक लागली असेल तरच जा.

खरी तंत्रज्ञानातली कला हवी असेल तर बेंगळुरू. हेब्बाळकडच्या सायन्स गॅलरीत कलाकार आणि शास्त्रज्ञांची कामं एकेका विषयाभोवती मांडलेली असतात, प्रवेश मोफत. शेजारी उभं राहून समजावून सांगणारी तरुण मंडळीही असतात. प्रदर्शनं काही महिन्यांनी बदलतात, म्हणून सध्या काय चालू आहे ते पाहूनच रिझर्व्हेशन करा. कस्तुरबा रोडवरचं कला आणि छायाचित्रण संग्रहालय 2023 मध्ये सुरू झालं. तिथे एम. एफ. हुसेन यांची डिजिटल प्रतिमा आहे. आपण प्रश्न विचारायचा, हुसेन उत्तर देतात. हुसेन जन्मले आपल्या पंढरपुरात! जिल्ह्यातल्या मुलांनी त्यांना एखादा प्रश्न विचारून यावंच, असं मला मनापासून वाटतं.

नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना हे सगळं भिडेल, लहानग्यांना कंटाळा येईल. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरहून थेट बेंगळुरूला जाते. सोमवार टाळा. घरात दोन्ही वयांची मुलं असतील तर धाकट्याला येत्या रविवारी केगावला न्या आणि थोरल्याची परीक्षा झाली की बेंगळुरूचं तिकीट काढा.